ढेप कुणाच्या पोटात जाते?

फैजपूर म्हटले की १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. डिसेंबरच्या अखेरची थंडी, सातपुड्याच्या पायथ्याशी बांबूंनी उभारलेले टिळकनगर, नंदलाल बोस यांची सजावट, धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांची धावपळ, गांधीजींच्या आग्रहाने भरलेले ग्रामोद्योगांचे प्रदर्शन, शेतकऱ्यांसाठी मांडलेला कार्यक्रम. हे सारे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अध्यक्ष पंडित नेहरूंची मिरवणूक सजवलेल्या रथातून निघाली आणि तो रथ बैलांच्या सहा जोड्यांनी ओढला, हेही वडीलधारी मंडळी कौतुकाने सांगत.

रथावर बसलेल्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी आज बोलणार आहे ते रथ ओढणाऱ्यांविषयी, आणि तेही त्यांच्या पोटाविषयी. खानदेशात कामाच्या बैलापुढे काय असते? ज्वारीचा कडबा, आणि वर भिजवलेली सरकी किंवा सरकीची ढेप. पश्चिम महाराष्ट्रात जिला पेंड म्हणतात तीच आपली ढेप. कडब्यात प्रथिने शंभरात जेमतेम तीन-चार भाग. माणसाला कोणी असे अन्न महिनोन्‌महिने दिले तर तो अंथरूण धरील. बैल मात्र त्यावर नांगर ओढतो, गाय त्यावर वासरू वाढवते. हे कसे घडते, याचा उलगडा व्हायला जगातल्या शास्त्रज्ञांना दोनशे वर्षे लागली. त्या उलगड्याचा आपल्या गोठ्याशी आणि खिशाशी जवळचा संबंध आहे, म्हणून हा इतिहास सांगावासा वाटतो.

आधी ढेपेचा इतिहास पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये फैजपूरची ओळख छापील सुती कापडाचे आणि गडद निळ्या-लाल रंगाचे गाव अशी आहे. रंगाऱ्यांची अडीचशे कुटुंबे इथे होती. शेजारच्या सावद्याच्या आठवडे बाजारात निमाड आणि वऱ्हाडातली उत्तम गुरे विक्रीला येत, अशीही नोंद आहे. म्हणजे कापूस आणि गुरे ही या मुलखाची जोडी जुनीच. कापूस घरी साफ होत होता तोवर सरकी घरातच उरे आणि तिथून सरळ गव्हाणीत जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि इथल्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. पाठोपाठ जिनिंगचे कारखाने आले. कापूस सरकीसकट गावाबाहेर जाऊ लागला आणि सरकी कारखान्याच्या आवारात साठू लागली. तिथून ती मुंबईच्या बंदरात आणि पुढे इंग्लंडमधल्या हल शहरातल्या तेलगिरण्यांत पोहोचली. तेल तिथे, ढेपही तिथे आणि ती ढेप खाणारी गुरेही तिथलीच.

सरकारने शेतीच्या पाहणीसाठी बोलावलेले इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात या व्यवहारातली मेख नेमकी दाखवली होती. तेलात जमिनीचा कस नसतो. तो बियांच्या उरलेल्या भागात असतो. सबंध तेलबी परदेशी धाडणे म्हणजे जमिनीचा कसच धाडणे. पुढे चाळीस वर्षांनी, १९३४ च्या अखेरीस वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. संघाचे झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली ‘मगन घाणी’ तयार केली. तिच्यामागचा हिशेबही हाच होता. घाणी गावात राहिली तर तेल्याला काम मिळते, शेतकऱ्याला ताजे तेल मिळते आणि ढेप गावच्या गुरांना मिळते. ढेप गावात राहावी, ही मागणी भावनेची नव्हती. तिच्यामागे नत्राचा, म्हणजेच प्रथिनांचा हिशेब होता.

आता पोटाकडे वळू. खाल्लेल्या अन्नाचे पोटात काय होते? जुन्या काळी काही म्हणत, पोट जात्यासारखे दळते. काही म्हणत, पोटाच्या उबेत अन्न कुजते. १७५२ मध्ये रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाळलेल्या घारीला मांसाचा तुकडा भरलेल्या, टोकांना जाळी लावलेल्या धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. घार न पचलेल्या वस्तू ओकून टाकते. नळी बाहेर आली तेव्हा मांस विरघळू लागले होते. नळीत दळायला काहीच नव्हते आणि मांसाला कुजल्याचा वासही नव्हता. म्हणजे पोटात एक रस आहे आणि तो मांस विरघळवतो. इटलीच्या स्पालांझानी यांनी पुढे अन्न भरलेल्या कापडी पुरचुंड्या स्वतःच गिळून हीच गोष्ट माणसातही ताडून पाहिली.

मग १८२२ मध्ये अमेरिकेत एक अपघात घडला. अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटाला पडलेले भोक बुजले नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टराने त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. १८३३ मध्ये त्याने आपली निरीक्षणे छापली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८३६ मध्ये, बर्लिनला थिओडोर श्वान यांनी जठररसातला मांस विरघळवणारा पदार्थ वेगळा केला आणि त्याला पेप्सिन हे नाव दिले. फैजपूरच्या अधिवेशनाच्या बरोबर शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. दोन वर्षांनी, १८३८ मध्ये, डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांच्या लेखनातून ‘प्रोटीन’ हा शब्द रूढ झाला. तो सुचवला होता स्वीडनच्या बर्झेलियस यांनी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिला’. आपल्या ‘प्रथिन’ या शब्दातही ‘प्रथम’ डोकावतो, हे लक्षात आले असेलच.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबच लांब माळ. ही माळ आतड्याच्या भिंतीतून जशीच्या तशी रक्तात जात नाही. ती आधी तोडावी लागते. जठरात आम्ल तिची गुंडाळी सैल करते, पेप्सिन तिचे मोठे तुकडे करते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो. त्यातले ट्रिप्सिन, ज्याला १८७६ मध्ये कूने यांनी नाव दिले, आणि त्याचे भाऊबंद आणखी बारीक तुकडे करतात. १९०१ मध्ये ओटो कोनहाइम यांनी दाखवले की आतड्याचे अस्तरही या तोडकामात भाग घेते. मग प्रश्न आला, इतके बारीक तुकडे झाल्यावर शरीर त्यातून पुन्हा आपले प्रथिन बांधू शकते का? १९०२ मध्ये ओटो लोवी यांनी कुत्र्याला पूर्ण पचवून मणीमणी सुटा केलेला प्रथिनांचा काढाच खायला घातला. कुत्र्याच्या शरीरातला नत्राचा तोल टिकून राहिला. म्हणजे बांधता येते! याच लोवींना पुढे मज्जातंतूंवरच्या वेगळ्याच कामासाठी नोबेल मिळाले, आणि ते १९३६ मध्येच. त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी असेही कळले की सुटे मणी तर शोषले जातातच, पण दोन-दोन, तीन-तीन मण्यांचे तुकडेही आतड्याच्या पेशी आत ओढून घेतात आणि आत नेऊन तोडतात. तिथून हे सारे रक्तावाटे यकृताकडे जाते आणि शरीराला लागेल तशी नवी माळ ओवली जाते.

माणूस, कुत्रा, डुक्कर, कोंबडी या सर्वांचे साधारण असेच चालते. जे खाल्ले ते तोडले, शोषले. म्हणून त्यांच्या खाण्यात कोणते मणी किती आहेत याला महत्त्व. पण बैलाकडे आलो की हा सरळ हिशेब मोडतो.

हिशेब मोडतो आहे हे पहिल्यांदा जाणवले ते गोठ्यातच. १८३९ मध्ये फ्रान्सच्या बूसँगो यांनी एका दुभत्या गाईचे जमाखर्चाचे पुस्तकच मांडले. तिने खाल्लेल्या चाऱ्यात नत्र किती आणि दुधातून, शेणातून, मुतातून बाहेर पडलेले किती, हे त्यांनी मोजले. गुरांच्या आहारशास्त्राची सुरुवात इथून धरतात. १८४३ मध्ये ग्रुबी आणि डेलाफाँ यांनी गुरांच्या कोटीपोटातले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले.

गुराला चार पोटे असतात असे आपण म्हणतो: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. आपल्या जठरासारखे आम्ल आणि पेप्सिन फक्त चौथ्यात असते. पहिले कोटीपोट म्हणजे मोठ्या गाई-बैलात शंभर लिटरच्या आसपास मावणारा आंबवणीचा हौदच. चारा प्रथम इथे पडतो, रवंथ होऊन पुन्हा इथेच येतो आणि अब्जावधी जिवाणू त्यावर तुटून पडतात. तंतूचा कडबा फोडण्याचे काम ते करतात, हे लवकर लक्षात आले. पण प्रथिनांचे काय? १८९१ मध्ये जर्मनीच्या नाथान त्सुंट्स यांनी तर्क मांडला की हे जिवाणू साध्या नत्रयुक्त पदार्थांपासून स्वतःसाठी प्रथिने बनवत असावेत आणि शेवटी गुरू त्या जिवाणूंनाच पचवत असावे. हे खरे ठरायला अर्धे शतक गेले. १९४८ च्या सुमारास केंब्रिजला मॅकडोनल्ड यांनी मेंढीवरच्या प्रयोगात दाखवले की कोटीपोटात प्रथिनांचा पार अमोनिया होतो आणि तो तिथूनच रक्तात शोषला जातो. १९४९ मध्ये अमेरिकेत लूस्ली आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना नत्रासाठी फक्त युरिया दिला, तरी कोटीपोटात सगळी आवश्यक अमिनो आम्ले तयार झाली. आणि १९६६ मध्ये फिनलंडचे नोबेल विजेते व्हिर्टानेन यांनी कळस केला. त्यांनी गाईंना प्रथिनांचा कणही नसलेला आहार दिला, म्हणजे शुद्ध पिष्ट, साखर, तंतू आणि नत्रासाठी युरिया व अमोनियाचे क्षार. त्या गाई माजावर आल्या, व्याल्या आणि दूधही देत राहिल्या.

म्हणजे मंडळी, आपण गव्हाणीत ढेप टाकतो ती बैलाच्या पोटात जाते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिच्यावर पहिला हात मारतात ते कोटीपोटातले जिवाणू. ते ढेपेचे प्रथिन फोडून अमोनिया करतात, त्या अमोनियातून आपली वंशवेल वाढवतात, आणि त्यातले असंख्य जिवाणू घासाबरोबर पुढे सरकत चौथ्या पोटात येतात. तिथे पेप्सिन आणि पुढे ट्रिप्सिन त्यांची वाट पाहत असतात. लहान आतड्यात पोहोचणाऱ्या प्रथिनांपैकी बहुधा निम्म्याहून अधिक हे या जिवाणूंचे असते. उरलेले, कोटीपोटातून न फुटता निसटलेले ढेपेचे. तेव्हा शेतकरी आधी जिवाणू पोसतो आणि जिवाणू बैल पोसतात.

आपल्या सरकीच्या बाबतीत या मध्यस्थांचा आणखी एक उपकार आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळट विषारी द्रव्य असते. कापसाचे झाड किडींपासून बचावासाठी ते तयार करते. १८९९ मध्ये पोलंडचे रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्स्की यांनी त्याला हे नाव दिले आणि १९१५ मध्ये अमेरिकेत विदर्स आणि कॅरुथ यांनी सरकी खाऊन जनावरे दगावण्यामागे हेच द्रव्य असल्याचे दाखवले. डुकरे आणि कोंबड्या त्याला लवकर बळी पडतात. सरकी खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचा बलकही हिरवट-काळपट पडतो. मोठा बैल मात्र रोज ढेप खाऊन ठणठणीत राहतो, कारण कोटीपोटात गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाते आणि मोकळे फार थोडे उरते. अर्थात यालाही मर्यादा आहे. आणि ज्याचे कोटीपोट अजून कामाला लागलेले नाही, त्या लहान वासराला तर हे संरक्षणच नाही. म्हणून जुनी माणसे लहान वासरापुढे सरकी ठेवत नसत. कारण त्यांना ठाऊक नव्हते, नियम बरोबर होता.

वासराचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी सांगतो. वासरू मान उंचावून आचळाला लुचते तेव्हा त्याच्या अन्ननळीच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात उतरते. तिथे ते विरजल्यासारखे घट्ट होते आणि सावकाश पचते. दुधाचे उंची प्रथिन जिवाणूंच्या तावडीत जाऊ नये, याची निसर्गानेच केलेली ही सोय. दुसरी गोष्ट चिकाची. मी वर म्हटले की प्रथिनांची माळ अखंड शोषली जात नाही. याला मोठा अपवाद आहे नुकत्याच जन्मलेल्या वासराचा. जन्मानंतर साधारण पहिला एक दिवस त्याचे आतडे चिकातली रोगप्रतिकारक प्रथिने जशीच्या तशी रक्तात घेते. मग ते दार बंद होते. गाईच्या गर्भाला आईच्या रक्तातून ही शिदोरी मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. खरवस आपल्याला प्रिय आहे, पण पहिल्या काही तासांच्या चिकावर हक्क वासराचा. तो घास हुकला की पुढे कितीही ढेप चारली तरी ती भर निघत नाही.

आता उन्हाळ्याचा विचार करू. वैशाखात हिरवे काही उरत नाही, ढेप परवडत नाही, कडबाही जुना. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली गुरे महिनोन्‌महिने अशा चाऱ्यावर जगली. कशी? रक्तातल्या अमोनियाचा यकृत युरिया करते. माणूस तो बहुतेक लघवीवाटे टाकून देतो. गुरू मात्र त्यातला बराचसा लाळेतून आणि कोटीपोटाच्या भिंतीतून परत जिवाणूंच्या हौदात सोडते. चाऱ्यात नत्र कमी झाले की ही काटकसर वाढते. श्मिट-नील्सन दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये सहाराच्या वाळवंटात उंटामध्ये हीच काटकसर मोजली. घरातली दमडीन्‌दमडी पुन्हा फिरवून संसार चालवणाऱ्या गृहिणीसारखे हे शरीर आहे.

पण एक अट आहे. अमोनियातून प्रथिन बांधायला जिवाणूंना ऊर्जा लागते, आणि ती चाऱ्यातल्या पिष्टातून, साखरेतून, तंतूतून येते. नुसतीच भरपूर ढेप टाकली आणि सोबत पुरेसा चारा नसला, तर जिवाणूंना अमोनिया पुरून उरतो. तो रक्तात, यकृतात आणि शेवटी मुतात जातो. महागडी ढेप गोठ्याच्या गटारात वाहून जाते. उलट नुसता कडबा किंवा आपल्या रावेर-यावल भागात मुबलक मिळणारे केळीचे खांब घातले, तर पोट भरते. पण खांबात बव्हंशी पाणीच, प्रथिने नगण्य. दोन्ही बाजू हव्यात, आणि शक्यतो एकाच वेळी हव्यात. म्हणून ढेप सकाळी एकदम ओतण्यापेक्षा दोन-तीन वेळा विभागून, कुट्टीत मिसळून दिलेली बरी.

हाच मुद्दा माणसाच्या बाबतीत एका मराठी माणसाने साऱ्या जगापुढे मांडला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. १९६० च्या दशकात जगभर ‘प्रथिनांचे संकट’ येणार अशी हाकाटी झाली. सुखात्मे सांगत राहिले की आपल्याकडच्या गरिबाच्या ताटात प्रथिनांच्या आधी एकूण अन्नच कमी आहे. पोटभर अन्न नसेल तर दिलेले प्रथिनही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. पुढच्या दशकात जगाला त्यांचे म्हणणे बरेचसे पटले. माणसाचे पोट आणि बैलाचे पोट वेगळे, पण इंधनाशिवाय बांधकाम होत नाही हा नियम दोघांनाही लागू आहे.

या ज्ञानाचा उपयोग पुढे अनेकांनी केला. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर प्रयोग झाले: प्रथिनावर फॉर्मल्डिहाइडची हलकी प्रक्रिया केली तर ते कोटीपोटात फुटत नाही, चौथ्या पोटाच्या आम्लात मोकळे होते, आणि लोकर जास्त येते. यालाच ‘बायपास प्रथिन’ म्हणतात. वासराच्या पन्हळीची ही जणू नक्कल. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हे तंत्र आपल्याकडच्या ढेपींसाठी वापरले. जास्त दूध देणाऱ्या गाईला त्याचा फायदा होतो. दोन-तीन लिटर देणाऱ्या गाईला जिवाणूंचे प्रथिनच बहुधा पुरते. कडब्यावर युरियाची प्रक्रिया, म्हणजे शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद झाकायचा, हीदेखील त्सुंट्स यांच्या तर्काचीच पणती. मात्र हे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि फक्त मोठ्या, रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी. युरिया नुसता किंवा प्रमाणाबाहेर पोटात गेला तर अमोनियाचा लोंढा जिवाणूंना आवरत नाही आणि धडधाकट जनावर तासाभरात आडवे होऊ शकते.

सुबाभळीची कथाही अशीच. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने प्रथिनयुक्त झाडपाला म्हणून सुबाभळीचा प्रसार केला. या पाल्यात मायमोसिन नावाचे विष असते. ऑस्ट्रेलियात ते गुरांना बाधे, हवाईतल्या शेळ्यांना बाधत नसे. रेमंड जोन्स यांनी शोधले की फरक शेळ्यांत नसून त्यांच्या कोटीपोटातल्या एका जिवाणूत आहे. १९८० च्या दशकात हवाईतल्या कोटीपोटाचे हे पाणी ऑस्ट्रेलियातल्या गुरांना पाजले, आणि ती गुरे सुबाभूळ पचवू लागली. पुढे त्या जिवाणूच्या नावात जोन्स यांचे नाव घातले गेले.

शेवटी पोत्यावरच्या आकड्याबद्दल बोलले पाहिजे, कारण शेतकरी पैसे त्या आकड्याचे मोजतो. पशुखाद्याच्या पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन’ म्हणून वीस-बावीस टक्के लिहिलेले असते. हा आकडा प्रथिने मोजून येत नाही. १८८३ मध्ये डेन्मार्कच्या केल्डाल यांनी नत्र मोजण्याची पद्धत काढली. निघालेल्या नत्राला सव्वासहाने गुणले की क्रूड प्रोटीन. पण नत्र ढेपेचे की युरियाचे, हे त्या गुणाकाराला कळत नाही. निकृष्ट भुशात युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून हाच आकडा फुगवला गेला आणि लाखो तान्ही बाळे आजारी पडली. त्यामुळे पोते घेताना आकड्याबरोबर त्यात काय काय घातले आहे हेही विचारावे. ढेप हातात घेऊन फोडावी, वास घ्यावा, बुरशी दिसली तर परत करावी. बुरशीचे विष जनावराच्या यकृताला बाधते आणि दुधातही उतरते.

सरकीचा प्रवास अजून थांबलेला नाही. मूळ भारतीय असलेले शास्त्रज्ञ डॉ. कीर्ती राठोड यांनी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २००६ मध्ये असा कापूस तयार केल्याचे जाहीर केले की ज्याच्या पानांत गॉसिपॉल राहते, पण सरकीत ते अगदी थोडे असते. २०१८ आणि २०१९ मध्ये त्याला तिथे लागवडीची आणि अन्न म्हणून वापराची परवानगी मिळाली. उद्या सरकीचे पीठ माणसाच्या आणि कोंबडीच्याही ताटात आले, तर गुरांच्या गव्हाणीतली ढेप आणखी महाग होईल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती हलच्या गिरण्यांकडे गेली होती, तशी पुन्हा वेगळ्या वाटेने गोठ्यापासून दूर जाईल.

म्हणून मला वाटते, ढेपेचा भाव आपल्या हातात नाही, पण तिचा वापर आहे. वासराला चीक वेळेवर, सरकी उशिरा. मोठ्या जनावराला ढेप थोडी-थोडी आणि चाऱ्याच्या जोडीने. बांधावर चवळी, लसूणघास किंवा एखादी सुबाभूळ. आपण खाऊ शकत नाही तो कडबा आणि पचवू शकत नाही ती सरकी यांचे दूध आणि श्रम करून देणारी जिवाणूंची मजूरसेना प्रत्येक गाई-बैलाच्या पोटात आहे. तिची मजुरी नत्र आणि ऊर्जा अशा दोन नाण्यांत द्यावी लागते. एक नाणे दिले आणि दुसरे राखून ठेवले, तर काम अडते आणि दिलेलेही वाया जाते.